दंतमूलनलिकेचा उपचार : संज्ञा, रोग आणि इतिहास

‘रूट कॅनल’ हा शब्दसमूह गेल्या काही दशकांत मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचा मूळ अर्थ काय याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. ‘दाढेचे रूट कॅनल केले’, ‘दोन रूट कॅनल झाली, तिसरे राहिले’, असे प्रयोग सर्रास ऐकू येतात. वस्तुतः इंग्रजीत ही संज्ञा एका अवयवाची आहे, उपचाराची नव्हे. दाताच्या मुळातून जाणारी जी निसर्गदत्त नलिका, तिचे हे नाव. पुढे ‘उपचार’ हा शब्द गळाला आणि अवयवाचेच नाव क्रियेला चिकटले. अशी लक्षणा भाषेत नवी नाही, आणि इंग्रजी बोलणारेही तीच करतात. परंतु मराठीत तिचा एक परिणाम विचारात घेण्याजोगा आहे. ‘कॅनल केले’ असे म्हटल्याने दंतवैद्य दातात यंत्राने एक नवे बीळ पाडतो, अशी समजूत होते. प्रत्यक्षात बीळ पाडण्याचा प्रश्नच नसतो. नलिका मूळ घडते तेव्हापासूनच तेथे असते. ती रोगट झाल्यावर रिकामी करणे, निर्जंतुक करणे आणि पुन्हा कोणी आत शिरणार नाही अशा रीतीने बुजविणे, एवढेच या उपचाराचे स्वरूप आहे. त्याला ‘दंतमूलनलिकोपचार’ म्हणावे हे व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तो शब्द लोकांच्या तोंडी बसेल अशी आशा मात्र बाळगण्याचे कारण दिसत नाही.

दाताची रचना समजून घेताना फळाची उपमा उपयोगी पडते, आणि मराठी परिभाषाकारांनीही तीच स्वीकारली आहे. बाहेरचे कवच ते दंतवल्क, म्हणजे एनॅमल. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याच्या आत दंतिन, आणि दंतिनाच्या पोकळीत दंतगर. हा गर म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि संयोजी ऊतक यांचा मऊ पुंजका. दंतिन भरीव दिसले तरी ते अतिसूक्ष्म नळ्यांनी भरलेले असते. एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा हजारो नळ्या गरापासून बाहेरच्या दिशेने पसरलेल्या असतात. वरचे कवच फुटले की रोगजंतूंना आतली वाट मोकळी होते ती या नळ्यांमुळे. गराचा वरचा भाग दाताच्या माथ्यात असतो आणि खालचा भाग मुळाच्या नलिकेतून उतरत टोकाच्या छिद्राशी जबड्याच्या रक्तप्रवाहाला मिळतो. बोलीभाषेत या सगळ्याला मिळून ‘नस’ म्हणतात. मराठीत ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनी आणि मज्जातंतू या दोहोंसाठी चालतो. एरवी हा संदिग्धपणा दोषास्पद ठरेल. येथे मात्र तो वस्तुस्थितीला धरून आहे, कारण त्या अरुंद नलिकेतून दोन्ही एकत्रच जातात.

नलिका म्हणजे एक सरळ नळी, ही कल्पनाही सोडून द्यावी लागते. झुरिकच्या वॉल्टर हेस याने १९१७ साली काढलेल्या दातांच्या आत व्हल्कनाइट रबर भरून पोकळीचे साचे प्रसिद्ध केले, तेव्हा ते पाहणारे अभ्यासक चकित झाले. साचे नळीसारखे नव्हते. झाडाच्या मुळ्यांसारखे, कोठे फुटलेले, कोठे पुन्हा जुळलेले, टोकाशी त्रिभुज प्रदेशाप्रमाणे विखुरलेले असे होते. खालच्या पहिल्या दाढेला सामान्यतः दोन मुळे आणि तीन नलिका असतात. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, परंतु नलिका पुष्कळदा चार. ही चौथी नलिका इतकी बारीक असते की ती शोधण्यासाठी आज सूक्ष्मदर्शक वापरतात, आणि ती न सापडल्यामुळे फसलेले उपचार थोडेथोडके नाहीत.

रोगाची वाटचाल सांगण्यास मराठीचा वेदनाविषयक शब्दसंग्रह मोठा सोयीचा आहे. आंबट खाल्ल्याने दात आंबतात. येथे गराला केवळ चेतावणी मिळालेली असते. थंड पाणी लागताच सणक निघते आणि पाणी गिळताच थांबते. ही गराच्या दाहाची पहिली पायरी असून येथे कीड काढून दात भरला तर गर पूर्ववत होऊ शकतो. त्यानंतरची अवस्था निराळी. सणक येऊन जात नाही, मागे रेंगाळते. गरम चहाने उठते. पुढे तर कारणावाचूनच, आणि विशेषतः रात्री, ठणका सुरू होतो. ठणका हा शब्द येथे अगदी नेमका आहे. शरीरात अन्यत्र दाह झाला तर ऊतकाला सुजण्यास जागा असते. गर मात्र चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो. सूज वाढते, जागा वाढत नाही, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यागणिक आतील दाब मज्जातंतूंना जाणवतो. आडवे झाले की डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो. म्हणून रुग्ण उशाला टेकून बसून रात्र काढतो. काहीजण तोंडात गार पाण्याची चूळ धरून बसतात. त्याने क्षणभर आराम पडतो. कोणता दात दुखतो हेही या अवस्थेत नेमके सांगता येत नाही, खालची दाढ रोगट असून वरची दुखल्याचा भास होतो. स्थानाची जाणीव देणारे संवेदक गरात फारसे नसतात, हे त्याचे कारण.

मग एके दिवशी ठणका थांबतो. रुग्णाला वाटते, लवंगेच्या तेलाने गुण आला किंवा गोळ्यांनी काम केले. दंतवैद्याकडे ठरलेली भेट रद्द होते. या क्षणी प्रत्यक्षात काय घडलेले असते? गर मेलेला असतो. वेदना सांगणारेच नाहीसे झाल्याने वेदना थांबते. रोग थांबत नाही. मृत गराच्या पोकळीत जंतूंना ऊब, ओलावा आणि अन्न मिळते, आणि त्यांच्यावर चालून जाणारा रक्तप्रवाह तेथे उरलेला नसतो. ते नलिकेच्या टोकाशी पोहोचतात, आणि टोकाबाहेरील हाड हळूहळू झिजू लागते. काही आठवड्यांनी किंवा वर्षांनी दात चावताना दुखतो, इतर दातांहून उंच झाल्यासारखा वाटतो, हिरडीवर पुळी येते, किंवा ठसठस सुरू होऊन गाल सुजतो. क्वचित ही सूज जबड्याखाली व मानेत पसरते आणि श्वासोच्छ्वासाला अडथळा आणून प्राणावर बेतते. ठणका थांबणे आणि रोग बरा होणे यांतील हा भेद ज्याला कळला नाही, तो रुग्ण बहुधा दात गमावून बसतो.

हाच भेद प्रतिजैविकांच्या बाबतीत लागू पडतो. पोटातून घेतलेले औषध रक्तावाटे जाते; मृत नलिकेत रक्त जात नाही; म्हणून औषध जंतूंच्या मुख्य ठाण्यापर्यंत पोहोचतच नाही. बाहेर पसरलेली सूज ते आवरू शकते, उगम आवरू शकत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात, दात दुखतो एवढ्याच कारणासाठी प्रतिजैविके देऊ नयेत, दातावर प्रत्यक्ष उपचार करावा, ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हाच औषधाची जोड द्यावी, अशा आशयाची शिफारस आहे. आपल्याकडे औषधांच्या दुकानातून ‘दाढेच्या गोळ्या’ मागून नेण्याची जी सवय आहे, तिचा विचार या प्रकाशात व्हावयास हवा.

रोगाचे कारण काय, या प्रश्नाचे उत्तर मराठीने फार पूर्वीच एका शब्दात दिले आहे : कीड. दात ‘किडतो’. ही कल्पना केवळ मराठीची नव्हे. प्राचीन बाबिलोनच्या मृत्तिकापट्टांवर दातातील किड्याविरुद्धचा मंत्र आढळतो. सुश्रुतसंहितेने दातांचे जे आठ रोग गणले आहेत त्यांत ‘कृमिदंतक’ हा एक आहे, आणि काळेपणा, छिद्र, स्राव, अकारण उठणारी वेदना ही त्याची जी लक्षणे तेथे दिली आहेत ती निरीक्षणाच्या दृष्टीने आजही खोटी ठरणार नाहीत. महाराष्ट्रात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातांतील किडे पाडण्याचा प्रघात होता. युरोपात तेच काम खुरासानी ओव्याच्या जातीच्या एका विषारी वनस्पतीच्या बियांनी होत असे. १५९७ च्या आपल्या वनस्पतिग्रंथात जॉन जेरार्ड याने ही भोंदूंची हातचलाखी असल्याचे नोंदविले आहे. तापलेल्या बीमधून फुटून बाहेर पडणारा वळसेदार अंकुर किड्यासारखा दिसतो, एवढेच त्यातील रहस्य. १७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार याने दंतशस्त्रक्रियेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकातून शोधूनही आपणास किडे दिसले नाहीत, असे त्याने तेथे सांगितले. शास्त्राने किडा हद्दपार केला तो असा. पण दीड शतकानंतर तो वेगळ्या रूपात परत आला. बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन दंतवैज्ञानिक विलोबी डेटन मिलर याने १८९० मध्ये, तोंडातील जंतू पिष्टमय व शर्करायुक्त अन्नापासून अम्ल निर्माण करतात व ते अम्ल दंतवल्क विरघळविते, हा सिद्धांत मांडला. चारच वर्षांनी रोगट गरातही त्याने जंतू दाखविले. ‘कीड’ हा शब्द मधल्या काळात चुकीचा ठरून पुन्हा जवळजवळ बरोबर ठरला. शब्दांच्या नशिबी असे योग क्वचितच येतात.

तथापि जंतू आढळणे वेगळे आणि जंतू हेच कारण असणे वेगळे. या शंकेचा निरास करणारा प्रयोग १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांचे दोन गट घेतले. एक नेहमीचा, दुसरा जन्मापासून पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढविलेला. दोन्ही गटांतील उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून गर उघडा केला, आणि छिद्र तसेच मोकळे ठेवले. दोघांच्याही दाढांत अन्नाचे कण जाऊन बसत होते. नेहमीच्या उंदरांचा गर सडला, टोकाशी गळवे झाली. जंतुरहित उंदरांचा गर जिवंत राहिला; इतकेच नव्हे, तर छिद्रावर नव्या दंतिनाचा पूल बांधून त्याने स्वतःस झाकून घेतले. जखम तीच, अन्न तेच. फरक फक्त जंतूंचा. या प्रयोगाइतका स्वच्छ प्रयोग दंतशास्त्राच्या इतिहासात दुसरा सापडणे कठीण. पुढे १९७६ साली स्वीडनमधील सुंडक्विस्ट याने मार लागून गर मेलेले, पण माथा शाबूत असलेले मानवी दात तपासले. ज्या दातांच्या टोकाशी हाड झिजले नव्हते त्यांत जंतू नव्हते. मेलेला गर स्वतःहून रोग करीत नाही, हे त्यावरून कळून आले.

हे निष्कर्ष अर्धशतक आधी हाती असते तर लक्षावधी दात वाचले असते. १९१० साली लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात एक व्याख्यान दिले. सोन्याच्या टोप्या आणि पूल यांच्याखाली सडणारी मुळे झाकून ठेवणाऱ्या तत्कालीन दंतचिकित्सेवर त्यात कठोर टीका होती. टीकेचा रोख मुख्यतः निकृष्ट कारागिरीवर होता, आणि तो अनाठायी नव्हता. परंतु शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज प्रभृतींनी जी ‘केंद्रस्थ संसर्गा’ची उपपत्ती पुढे मांडली, तिच्या हाती हंटर यांचे व्याख्यान एक शस्त्र ठरले. दात, टॉन्सिल यांसारख्या ठिकाणी लपलेल्या जंतूंमुळे संधिवात, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार जडतात, असे ही उपपत्ती सांगे. वेस्टन प्राइस याने उपचार केलेले दात सशांच्या कातडीखाली बसविण्याचे प्रयोग केले आणि १९२३ मध्ये त्यांचा वृत्तांत दोन खंडांत छापला. मग गर मेलेला दात म्हणजे देहातील विषाचे कोठार, असे समीकरण झाले. चांगले दातही ‘संशयित’ म्हणून उपटले गेले. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील सरकारी मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने तर वेडाचे मूळ दातांत आहे असे मानून रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि पुढे आतड्यांचे भागही काढले. त्या शस्त्रक्रियांत अनेक रुग्ण दगावले.

उपपत्ती कोसळली ती प्रत्यक्ष तपासणीने. दात उपटताना हिरडीच्या खाचेतील जंतू मुळाच्या टोकाशी ओढले जातात, म्हणून उपटलेल्या दातावर जंतू सापडणे हा त्या दाताच्या रोगटपणाचा पुरावा नव्हे, हे इंग्लंडमध्ये फिश आणि मॅक्‌लीन यांनी १९३६ मध्ये दाखविले. प्राइसच्या प्रयोगांतील उणीव हीच होती. १९३८ साली सेसिल आणि अँजव्हीन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला. दात व टॉन्सिल काढून संधिवात बरा होतो याला त्यांना आधार सापडला नाही. तोंडातील जंतू रक्तात जातात हे खरे आहे, आणि हृदयाच्या झडपांचे काही विशिष्ट विकार असणाऱ्यांना काही दंतोपचारांपूर्वी प्रतिजैविक देतात तेही याच कारणाने. पण एवढ्यावरून उपचार केलेला दात विषारी ठरत नाही. प्राइसचे जुने प्रतिपादन अधूनमधून नव्या वेष्टनात पुन्हा विकले जाते, म्हणून त्याची हकीकत येथे थोडी विस्ताराने दिली.

दातांचा हा संहार चालू असताना उपचाराची साधने मात्र एकेक करून सिद्ध झाली होती. एडविन मेनार्ड याने १८३८ मध्ये घड्याळाची स्प्रिंग तासून नलिकेत घालण्याचे पहिले हत्यार केले, असे सांगतात. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम याने १८६४ साली रबराचा पातळ पडदा दातावर ताणून तो लाळेपासून वेगळा काढला. साधन साधे, पण लाळेत जंतू असतात आणि जंतू बाहेर ठेवणे हाच उपचाराचा गाभा, हे लक्षात घेता त्याचे महत्त्व कळते. आजही जो दंतवैद्य हा पडदा लावतो त्याच्याविषयी रुग्णाने समाधान मानावे. राँटगेनच्या क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीचा. काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीत ओटो वाल्कहोफ याने स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले, त्यासाठी त्याला २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. १९४३ साली शिकागोत या शाखेच्या तज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. शाखेच्या ‘एंडोडाँटिक्स’ या नावात ग्रीक ‘एंडो’ म्हणजे आत, आणि ‘ओडोन’ म्हणजे दात. हा ‘ओडोन’ संस्कृत ‘दन्त’ व लॅटिन ‘डेन्स’ यांचा सख्खा भाऊ होय. (दाढेची कथा वेगळी. तिचे मूळ ‘दंष्ट्रा’, म्हणजे हिंस्र प्राण्याचा सुळा. प्राकृतातून मराठीत येईतो तो सुळा दळणाचे जाते झाला.)

प्रत्यक्ष क्रिया अशी. दात बधिर करून माथ्यातून गराच्या पोकळीत वाट केली जाते. नलिकेची लांबी क्ष-किरणांनी, आणि आता बहुधा विद्युत्‌रोधावर चालणाऱ्या मापकाने ठरवितात. या मापकाचे तत्त्व १९६२ मध्ये जपानच्या सुनादा याने व्यवहारात आणले. मग निमुळत्या कानशी क्रमाक्रमाने आत फिरवितात. त्यांचे क्रमांक मिलिमीटरच्या शतांशात असतात. दहा क्रमांकाच्या कानशीचे टोक मिलिमीटरचा दहावा भाग. पूर्वी त्या पोलादाच्या असत व वाकड्या नलिकेत सरळ होऊ पाहत. १९८८ साली वालिया व त्याच्या सहकाऱ्यांनी निकेल-टायटॅनियमची लवचिक कानस वर्णिली तेव्हापासून ही अडचण पुष्कळ कमी झाली. तथापि हेसच्या साच्यांत दिसलेल्या कोनाकोपऱ्यांत कोणतीच कानस पोहोचत नाही. तेथे द्रव पोहोचवावा लागतो. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण पहिल्या महायुद्धात जखमा धुण्यासाठी डेकिनने प्रचारात आणले, आणि १९३६ मध्ये वॉकरने ते नलिकेसाठी सुचविले. जंतू मारणे आणि मृत ऊतक विरघळविणे ही दोन्ही कामे ते करते. कपडे शुभ्र करण्याच्या द्रवातही हेच रसायन असते. ते टोकाबाहेर ढकलले गेले तर जबड्याच्या ऊतकास तीव्र इजा होते, म्हणून पिचकारी हलक्या हाताने चालवावी लागते.

नलिका बुजविण्याचे द्रव्य गटापर्चा. मलाय भाषेत ‘गेताह’ म्हणजे झाडाचा चीक. हा चीक देणारा वृक्ष आपल्याकडील चिकू व मोह यांच्याच कुळातला. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालील तारायंत्राच्या तारांवर त्याचेच वेष्टन असे. १८६७ च्या सुमारास बोमन याने तो नलिकेत वापरला, आणि त्याची जागा घेण्यास अनेक द्रव्ये आली तरी तो टिकून आहे. मात्र आजच्या शंकूंत गटापर्चा पाचव्या हिश्श्याच्या आसपास असून बाकीचा मोठा भाग जस्ताच्या ऑक्साइडचा असतो.

एवढे करून दात टिकतो काय? सालेहराबी व रोट्स्टाइन यांनी २००४ साली अमेरिकेतील एका विमासंस्थेच्या नोंदींवरून १४ लाखांहून अधिक दातांचा मागोवा घेतला. आठ वर्षांनंतर त्यांपैकी ९७ टक्के दात तोंडात होते. जे काढावे लागले त्यांतील ८५ टक्के दातांवर पूर्ण टोपी बसविलेली नव्हती. हा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. उपचार झालेली दाढ आतून पोखरलेली असते. चावण्याच्या दाबाने ती उभी चिरते, आणि मुळापर्यंत गेलेल्या चिरेवर इलाज नाही. वरचे भरण गळके राहिले तर लाळ पुन्हा आत झिरपते ती वेगळीच. ठणका गेला म्हणून टोपीचा खर्च टाळणारा रुग्ण पहिल्या वेळी केलेली चूक दुसऱ्यांदा करतो, असे म्हणावे लागेल.

दात काढून टाकणे स्वस्त आणि झटपट होते, हे नाकारता येत नाही. ज्या दाताला बसण्यापुरते हाडच उरले नाही किंवा ज्याचे मूळ चिरले, तो काढणेच योग्य. परंतु रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात लांबतो, हाड खचते. पुढचे दात गेल्यास उच्चारही बदलतो. मराठीत त-वर्ग दंत्य आहे. शिवाय ‘चारा’, ‘जाळे’, ‘झाड’ यांतील च, ज, झ हे ‘चहा’, ‘जिना’ यांतील तालव्य उच्चारांहून भिन्न असून जीभ दातांच्या मागे टेकूनच निघतात. वरचे पटाशीचे दात नसलेल्याच्या तोंडी ‘स’ आणि हा दंत्य ‘च’ यांत फुत्कार मिसळतो. जीभ कालांतराने नवा आधार शोधते, पण वृद्धांपेक्षा मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक, कारण त्यांचे उच्चार अजून घडत असतात.

मुलांच्या दातांचा आणखी एक प्रश्न आहे. आठ-नऊ वर्षांचे मूल पडून पुढचा दात तुटला आणि गर मेला, तर मुळाची वाढ जागच्या जागी थांबते. भिंती पातळ, आणि टोक बंद न होता नाळक्यासारखे उघडे राहते. तेथे गटापर्चा भरणे म्हणजे बूड नसलेल्या घागरीत पाणी ओतणे. २००१ साली जपानमध्ये इवाया आणि सहकारी यांनी अशा एका दातात निराळी वाट चोखाळली, आणि २००४ मध्ये बँक्स व ट्रोप यांनी तिची पद्धतशीर मांडणी केली. नलिका कानशीने न खरवडता औषधांनी निर्जंतुक करावयाची, नंतर टोकापलीकडील ऊतकाला मुद्दाम टोचून नलिकेत रक्त येऊ द्यावयाचे, आणि त्या रक्ताच्या गुठळीवर माथ्याच्या बाजूने झाकण बसवावयाचे. अनेक दातांत पुढील महिन्यांत मुळाच्या भिंती जाड झाल्याचे व टोक मिटल्याचे छायाचित्रांत दिसते. या क्रियेला आरंभी ‘पुनर्वाहिनीकरण’ अशा अर्थाचे नाव होते, पुढे ‘पुनर्जनन’ हे नाव रूढ झाले. नावातील हा बदल थोडा घाईचा वाटतो. असे काही दात नंतर अन्य कारणांनी काढावे लागले तेव्हा ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. आत वाढलेले ऊतक पुष्कळ वेळा मूळ गरासारखे नसून मुळावरील संधानक द्रव्यासारखे किंवा हाडासारखे होते. मूळ बळकट होते. गर मात्र परत येतो असे अद्याप म्हणता येत नाही.